मियुकी रस्त्यावरची मुले : टोकियो, १९६४

(१) दिनांक १९ सप्टेंबर १९६४, शनिवार. टोकियोच्या गिन्झा या उंची बाजारपेठेत साध्या वेशातील पोलीस उतरले आणि त्यांनी तरुण मुलांना अडवण्यास आरंभ केला. सुमारे २०० जणांना हटकण्यात आले. त्यांपैकी ८५ जणांची रवानगी त्सुकिजी पोलीस ठाण्यात झाली आणि त्यांच्या पालकांना बोलावणे गेले. या मुलांनी चोरी केली नव्हती, मारामारी केली नव्हती, मोर्चाही काढला नव्हता. पोलिसांनी त्यांना हेरले ते कपड्यांवरून.

(२) कपडे तरी कोणते? कॉलरची टोके बटणांनी बसवलेला सुती शर्ट, घोट्याच्या वरच संपणारी अरुंद खाकी विजार, आणि अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्यासारखा भांग पाडलेले आखूड केस. आज मित्राच्या वाढदिवसाला किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला निघालेल्या मुलाला घरची मंडळी स्वतःहून काढून देतील, असा हा वेश. मग त्यासाठी ठाण्यात जाण्याची वेळ का यावी? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

(३) प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. शाळेत गणवेश असतो, लग्नाला ठेवणीतला पोशाख असतो, घरात काहीही चालते. या तिन्हींच्या मधला जो प्रसंग असतो, म्हणजे मित्रांचा मेळावा, संध्याकाळचा फेरफटका, कुणाकडचे छोटेखानी निमंत्रण, तिथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने काय घालावे? १९६० पूर्वीच्या जपानी समाजाकडे याचे उत्तर नव्हते. ते का नव्हते हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

(४) १८६८ साली मेइजी राजवट सुरू झाली. पाश्चात्त्य सत्तांशी बरोबरीच्या नात्याने बोलायचे, तर त्यांच्यासारखे दिसलेही पाहिजे, असा नव्या राज्यकर्त्यांचा हिशेब होता. १८७१ मध्ये सामुराई पुरुषांची डोक्यावरील केसांची गाठ कापण्यास मुभा देणारा हुकूम निघाला. १८७२ मध्ये दरबारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख अधिकृत ठरला. १८७३ मध्ये खुद्द सम्राटाने केस कापले आणि तो युरोपीय धाटणीच्या लष्करी पोशाखात प्रजेसमोर आला.

(५) येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जपानी पुरुषांच्या अंगावर पाश्चात्त्य कपडे आले ते हौसेपोटी नव्हे, तर आज्ञेने. आधी दरबार, मग सैन्य, पोलीस, रेल्वे, टपाल खाते, असा तो पोशाख पायरीपायरीने खाली उतरला. कोट म्हणजे अधिकार, कोट म्हणजे नोकरी, कोट म्हणजे राष्ट्र. 'मला आवडला म्हणून घातला' या वाक्याला त्या व्यवस्थेत जागा नव्हती.

(६) मुलांपर्यंत हा पोशाख आला तो गणवेशाच्या रूपाने. सरदारपुत्रांसाठी असलेल्या गाकुशुइन या शाळेने १८७९ मध्ये आरमारी धर्तीचा, उभ्या कॉलरचा गणवेश स्वीकारला. १८८६ मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठाने सोनेरी बटणांचा काळा गणवेश ठरवला. पुढील काही दशकांत त्याचेच रूप देशभरच्या शाळांत पसरले. 'गाकुरान' या नावाने तो ओळखला जातो. जपानी चित्रपट वा अॅनिमे पाहणाऱ्यांनी तो शेकडो वेळा पाहिला असेल.

(७) गाकुरानची मोठी सोय अशी की तो सर्वत्र चालत असे. वर्गात तोच, नातेवाइकांकडे तोच, छायाचित्र काढताना तोच, अंत्यविधीलाही तोच. मुलाने काय घालावे हा प्रश्न पालकांना पडतच नसे. विद्यार्थी हा विद्यार्थ्यासारखा दिसला पाहिजे, हे एक वाक्य सर्व प्रसंगांना पुरत होते.

(८) या एकरंगी जगातही मुलांनी पळवाट शोधलीच. उच्च शाळांतील काही विद्यार्थी मुद्दाम फाटकी टोपी, मळका अंगरखा आणि लाकडी खडावा घालून हिंडत. या राकट वृत्तीला 'बांकारा' म्हणत. त्याच्या उलट उंच कॉलर लावून नटणाऱ्याला 'हायकारा' म्हणत; इंग्रजी 'हाय कॉलर'चेच हे जपानी रूप. म्हणजे नीटनेटकेपणा ही दिखाऊ गोष्ट आणि गबाळेपणा हे पौरुषाचे लक्षण, अशी समजूत विद्यार्थिवर्गात रुजत गेली. १९६४ मध्ये हीच समजूत आडवी येणार होती.

(९) १९२३ च्या भीषण भूकंपानंतर टोकियो नव्याने उभे राहिले आणि गिन्झा हा आधुनिकतेचा चौक बनला. तेथे निरुद्देश भटकण्याला 'गिनबुरा' असा खास शब्द होता. रुंद पायांच्या विजारी घालणारे 'मोबो' आणि आखूड केसांच्या 'मोगा', म्हणजे मॉडर्न बॉय आणि मॉडर्न गर्ल, येथेच वावरत. कॅफे आणि नृत्यगृहांवर पोलिसांची नजर असे. अखेर युद्धाच्या तयारीत १९४० मध्ये नृत्यगृहे बंद झाली आणि त्याच वर्षी पुरुषांसाठी खाकी रंगाचा 'राष्ट्रीय नागरी पोशाख' जाहीर झाला. गणवेश आता शाळेपुरता उरला नाही.

(१०) १९४५ मध्ये पराभव झाला. शहरे जळालेली, अन्न आणि कापड दोन्ही नियंत्रित. अशा अवस्थेत टोकियोच्या रस्त्यांवर धष्टपुष्ट अमेरिकी सैनिक कडक इस्त्रीच्या खाकी विजारी घालून फिरत होते. उएनोच्या काळ्या बाजारात त्या जुन्या विजारी विकत मिळू लागल्या. जेत्याचे कपडे पाहून पराभूताच्या मनात काय येते? राग येतो आणि ओढही वाटते. पुढच्या कथेत या दोन्ही भावना एकत्र नांदतात.

(११) आता मुख्य पात्राचा प्रवेश. इशिझु केन्सुके, जन्म १९११, ओकायामा. घरी कागदाचा घाऊक व्यापार. टोकियोच्या मेइजी विद्यापीठात शिकताना त्याला कपड्यांची हौस लागली. १९३९ मध्ये तो चीनमधील तिआनजिन बंदरात गेला आणि तेथे कपड्यांच्या धंद्यात रमला. युद्ध संपल्यावर तेथेच त्याची एका तरुण अमेरिकी अधिकाऱ्याशी ओळख झाली. हा अधिकारी प्रिन्स्टनचा पदवीधर होता. 'आयव्ही लीग' हे शब्द इशिझुने प्रथम त्याच्या तोंडून ऐकले.

(१२) आयव्ही लीग म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातील आठ जुनी, प्रतिष्ठित विद्यापीठे : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, ब्राउन, डार्टमथ, कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया. तेथील मुलांच्या पोशाखाची एक ठरीव रीत होती. खांद्यात फारशी भर नसलेला सैल कोट, बटणांच्या कॉलरचा शर्ट, खाकी सुती विजार आणि फीत नसलेले लोफर बूट. ही श्रीमंतांच्या मुलांची रीत होती; मात्र कपडे साधे, टिकाऊ आणि जुने झाले तरी चालणारे होते.

(१३) या कपड्यांची कुळे तपासली तर गंमत वाटते. बटणांची कॉलर ब्रुक्स ब्रदर्स या न्यूयॉर्कच्या दुकानाने इंग्लंडमधील पोलो खेळाडूंकडून उचलली. घोड्यावर कॉलर फडफडू नये म्हणून ते खेळाडू तिला बटणे लावत. ब्लेझर इंग्लंडच्या नौकानयन मंडळांतून आला. उन्हाळी शर्टांचे चौकड्यांचे 'मद्रास' कापड नावाप्रमाणेच आपल्या चेन्नईकडचे. हातमागावर विणलेले हे कापड धुताना रंग सोडी आणि तो दोषच अमेरिकेत गुण म्हणून खपला.

(१४) खाकीची कथा तर थेट आपल्या उपखंडातली. 'खाक' म्हणजे धूळ, हा फारसी शब्द मराठीतही आहेच. १८४० च्या दशकाच्या अखेरीस पेशावर भागात हॅरी लम्सडेन याने उभारलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीने मातकट रंगाचे कपडे वापरले. तेथून खाकी ब्रिटिश सैन्यात, मग १८९८ च्या युद्धकाळात अमेरिकी सैन्यात गेली. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना सरकारी खर्चाने महाविद्यालयीन शिक्षण मिळाले आणि त्यांच्या अंगावरून खाकी विजार विद्यापीठांच्या आवारात शिरली. सिंधूकाठच्या धुळीचा रंग प्रिन्स्टनमार्गे टोकियोला पोचला, तो असा.

(१५) इशिझु १९४६ मध्ये मायदेशी परतला. १९५१ मध्ये ओसाकात त्याच्या 'व्हॅन जॅकेट' या कंपनीचा कारभार सुरू झाला. अडचण अशी की तेव्हाचा पांढरपेशा जपानी पुरुष सूट शिंप्याकडून शिवून घेई. तयार कपड्याला 'त्सुरुशी', म्हणजे 'टांगलेला', असे हिणवत. मोठ्यांची मते बदलणे अवघड, हे ओळखून इशिझु तरुणांकडे वळला. १९५९ मध्ये तो अमेरिकेला गेला, प्रिन्स्टनचे आवार त्याने स्वतः पाहिले, छायाचित्रे घेतली आणि परतल्यावर ठरवले : जपानी विद्यार्थ्यांना आयव्ही पोशाख द्यायचा.

(१६) काळ अनुकूल होता. १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत जपानमध्ये विक्रमी संख्येने मुले जन्मली. १९६४ मध्ये ती पंधरा ते सतरा वर्षांची होती. १९६० मध्ये सरकारने दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली होती. घरोघरी दूरचित्रवाणी संच येत होते. युद्ध न पाहिलेल्या, खिशात थोडे पैसे असलेल्या या पिढीला स्वतःचे असे काहीतरी हवे होते. तिच्याजवळ मात्र एकच काळा गाकुरान होता.

(१७) आता खरा पेच पाहा. अमेरिकी मुलगा असे कपडे कसा शिकतो? वडिलांचे पाहून, थोरल्या भावाचे पाहून, वसतिगृहातील सोबत्यांचे पाहून. कोटाचे शेवटचे बटण लावायचे नाही, हे त्याला कुणी शिकवत नाही. ते त्याच्या नजरेत बसते. जपानी मुलाच्या घरात असे कुणीच नव्हते. वडिलांची तरुणाई सैन्यात वा उपासमारीत गेलेली. जे वारशाने मिळणार नव्हते, ते वाचून शिकावे लागणार होते.

(१८) ते शिकवण्याचे काम मासिकांनी केले. पुरुषांच्या पोशाखाला वाहिलेले एक नियतकालिक १९५४ पासून निघत होते. तेच पुढे 'मेन्स क्लब' झाले. इशिझु आणि त्याचे सहकारी त्यात सातत्याने लिहीत. कोटाला तीन बटणे का, कॉलर कशी, विजार कुठवर, कोणत्या प्रसंगी काय, याचे पाठच्या पाठ त्यात असत. केइओ विद्यापीठात शिकलेला कुरोसु तोशियुकी हा त्यांतील सर्वांत काटेकोर गुरू. टोकियोच्या रस्त्यांवर नीट पोशाख केलेल्या मुलांची छायाचित्रे छापण्याचे सदरही या मासिकाने सुरू केले.

(१९) १९६३ च्या सुमारास इशिझुने एक सूत्र प्रचारात आणले : 'टीपीओ'. टाइम, प्लेस, ऑकेजन, म्हणजेच वेळ, स्थळ, प्रसंग. कपडा निवडण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारा, उत्तर आपोआप मिळेल. इंग्रजी आद्याक्षरांचे हे सूत्र मुळात जपानी आहे आणि ते तेथील रोजच्या भाषेत आजही सर्रास वापरले जाते. शाळा, लग्न आणि घर यांच्यामधल्या ज्या प्रसंगासाठी शब्द नव्हता, त्याला या सूत्राने जागा करून दिली.

(२०) टीपीओवर एक आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. गणवेशातून सुटलेल्या मुलाला पुन्हा नियमावलीतच अडकवले की! शिवाय नियम लिहिणाराच कपडे विकणारा. तरीही एक भेद उरतो. गणवेश मुलाला सांगतो, 'तू कोण आहेस ते आम्ही ठरवले आहे.' टीपीओ त्याला विचारते, 'तू कुठे निघाला आहेस?' दुसऱ्या वाक्यात निर्णय मुलाकडे सोपवलेला आहे, आणि सोळा वर्षांच्या वयात हा फरक लहान नसतो.

(२१) एप्रिल १९६४ मध्ये 'हेइबोन पंच' हे साप्ताहिक बाजारात आले आणि पहिल्या अंकाच्या सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. मुखपृष्ठावर ओहाशी आयुमी या तरुण चित्रकर्तीने रंगवलेली आयव्ही वेशातील मुले होती. 'मेन्स क्लब' हौशी वर्तुळापुरते होते. 'पंच' शाळेच्या बाकाखाली फिरू लागले. त्याच उन्हाळ्यात गिन्झाच्या एका रस्त्यावर शेकडो मुले जमू लागली.

(२२) त्या रस्त्याचे नाव मियुकी-दोरी. वृत्तपत्रांनी मुलांना नाव दिले 'मियुकी-झोकु', म्हणजे मियुकीवाली टोळी. ही मुले करत काय? फारसे काहीच नाही. दुकानांच्या काचांपुढे उभी राहत, एकमेकांचे कपडे न्याहाळत, मुलींशी बोलण्याचे धाडस गोळा करत. हातात 'व्हॅन'ची कागदी पिशवी असे, नाहीतर धान्याचे वा कॉफीच्या बियांचे पोते. त्या पिशवीत बहुधा शाळेचा गणवेश असे. घरून तो घालून निघायचे, कॅफेच्या स्वच्छतागृहात कपडे बदलायचे आणि परतताना पुन्हा तोच चढवायचा.

(२३) पिशवीतला गणवेश ही मला या प्रकरणातील सर्वांत बोलकी वस्तू वाटते. या मुलांनी गणवेश जाळला नाही, फाडला नाही, शाळाही सोडली नाही. घडी घालून तो जपून ठेवला. त्यांना दिवसाचे काही तास वेगळे हवे होते, इतकेच. या माफक मागणीलाही मोठी माणसे बिचकली, ही गोष्ट त्या समाजाविषयी बरेच काही सांगते.

(२४) मोठ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. दुकानदारांचे म्हणणे होते की ही मुले काही विकत घेत नाहीत आणि खऱ्या गिऱ्हाइकांची वाट अडवतात. १९६० मधील सुरक्षा करारविरोधी प्रचंड निदर्शने ताजी होती. तरुणांचा घोळका दिसला की पोलीस सावध होत. त्यात १० ऑक्टोबरला ऑलिंपिक सुरू व्हायचे होते. १ ऑक्टोबरला शिंकान्सेन धावणार होती. युद्धानंतरचा नवा जपान जगाला दाखवायचा होता आणि त्या चित्रात रस्त्यावर रेंगाळणारी मुले बसत नव्हती.

(२५) पोलिसांनी आधी समजुतीचा मार्ग धरला. मुले आपल्याला ऐकत नाहीत, कदाचित इशिझुचे ऐकतील, असा विचार झाला. ऑगस्ट १९६४ च्या अखेरीस गिन्झातील यामाहा सभागृहात 'व्हॅन'ने आयव्ही पोशाखाचा मेळावा भरवला. सुमारे २००० मुले आली. खरा आयव्ही विद्यार्थी रस्त्यावर रेंगाळत नाही, असा उपदेश झाला. मुले पिशव्या घेऊन घरी गेली आणि पुन्हा मियुकी रस्त्यावर आली. त्यानंतर १९ सप्टेंबर उजाडला.

(२६) आता या प्रसंगातील उपरोध पाहा. त्या काळी अमेरिकेत बंडखोर मुलगा म्हणजे जीन्स आणि टी-शर्ट घालणारा. १९५५ च्या 'रेबेल विदाउट अ कॉज' या चित्रपटातील जेम्स डीन आठवावा. तेथील काही शाळांनी जीन्सवर बंदी घातली होती. (जीन्सच्याच जातीच्या 'डंगरी' कापडाचे नाव मुंबईच्या डोंगरीवरून आलेले, हे जाता जाता.) आयव्ही पोशाख मात्र आज्ञाधारक, सुस्थित घरच्या मुलाची खूण होती. प्रशांत महासागर ओलांडताच अर्थ फिरला. बॉस्टनमध्ये ज्या कपड्यांनी प्राध्यापक खूश होत, त्याच कपड्यांनी टोकियोत पोलीस अस्वस्थ झाले.

(२७) यातून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यायचा धडा सरळ आहे. कापडात अर्थ विणलेला नसतो. तो घालणारा, पाहणारा आणि आज्ञा देणारा या तिघांच्या संबंधांतून ठरतो. म्हणून 'हा पोशाख आपल्या संस्कृतीत बसत नाही' असे कुणी म्हणाले, की आपण विचारावे : कधीपासून? आणि हे ठरवले कुणी?

(२८) हा प्रश्न विचारण्यासाठी मियुकी-दोरीइतके योग्य स्थळ नाही. 'मियुकी' म्हणजे सम्राटाची स्वारी. सम्राट मेइजीची स्वारी या मार्गाने जात असे, म्हणून रस्त्याला हे नाव पडले. ज्या सम्राटाने पाश्चात्त्य पोशाख चढवून प्रजेपुढे कित्ता ठेवला, त्याच्याच स्वारीच्या रस्त्यावर नव्वद वर्षांनी मुलांना पाश्चात्त्य पोशाखासाठी पकडण्यात आले. फरक एकच : सम्राटाचा पोशाख राज्यासाठी होता, मुलांचा स्वतःसाठी.

(२९) पुढचे वळण तीन आठवड्यांतच आले. १० ऑक्टोबर १९६४ रोजी उद्घाटन सोहळ्यात यजमान जपानचा चमू मैदानात उतरला, तो लाल ब्लेझर आणि पांढऱ्या विजारी घालून. पुरुषांनी लाल कोट घालावा ही कल्पनाच अनेकांना नवी होती. घरोघरी दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहिले गेले आणि अभिमानाने पाहिले गेले. मुलाच्या अंगावर जे थिल्लर वाटत होते, ते राष्ट्राच्या अंगावर शोभून दिसले. त्यानंतर ब्लेझर मागणाऱ्या मुलाला नकार देणे पालकांना कठीण गेले.

(३०) १९६५ मध्ये 'व्हॅन'चा चमू थेट अमेरिकेत गेला, खऱ्या आयव्ही विद्यार्थ्यांचे चित्रीकरण करण्यासाठी. कुरोसु त्यात होता, छायाचित्रकार हायाशिदा तेरुयोशी होता. हार्वर्डला पोचल्यावर त्यांना धक्का बसला. तीन बटणांचे सूट कुठेच नव्हते! मुले कापलेल्या अर्ध्या चड्ड्या, टी-शर्ट आणि सपाता घालून वर्गाकडे निघाली होती. जपानमध्ये ज्या नियमांची पारायणे झाली, ते नियम त्या मुलांच्या गावीही नव्हते.

(३१) त्या सहलीतून 'टेक आयव्ही' हा लघुपट आणि त्याच नावाचे छायाचित्रांचे पुस्तक निघाले. चमूने निराशा गिळली आणि जे दिसले ते टिपले : सायकलवरचा मुलगा, भोजनगृहाबाहेरचा घोळका, सुरकुतलेला शर्ट आणि त्यावर निवांतपणे अडकवलेला स्वेटर. मूळचे गाणे सैल चालीत गायले जाते, हे जपानी वाचकांना त्या चित्रांतून उमगले. नियम पाठ झाल्यावर तो थोडा ढिला कसा सोडावा, हा पुढचा धडा होता.

(३२) नंतरची कथा थोडक्यात. 'व्हॅन' वाढत वाढत गेली आणि १९७८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. इशिझु २००५ मध्ये वारला. २०१० मध्ये 'टेक आयव्ही' इंग्रजीत पुन्हा छापले गेले आणि अमेरिकी तरुण आपल्याच आजोबांचा पोशाख जपानी पुस्तकातून शिकू लागले. विद्यापीठांत ती रीत १९६० च्या दशकाअखेर मावळली होती. गुरूच्या घरी दिवा विझला, तो शिष्याच्या घरी तेवत राहिला.

(३३) एक धागा आपल्यापर्यंतही येतो. यामागुची प्रांतातील उबे या गावी पुरुषांच्या कपड्यांचे एक दुकान होते. तेथे 'व्हॅन'चा माल विकला जाई. दुकानदाराच्या मुलाचे नाव यानाई तादाशी. १९८४ मध्ये त्याने हिरोशिमात 'युनिक्लो'चे पहिले दुकान उघडले. आज मुंबईच्या मॉलमध्ये याच दुकानातून बटणांच्या कॉलरचा शर्ट आणि खाकी विजार घेणारा मुलगा नकळत १९६४ च्या त्या उन्हाळ्याशी जोडला जातो. आणि ती खाकी तर आपल्याच उपखंडाची धूळ अंगावर घेऊन जगभर हिंडून आलेली असते.

(३४) निमंत्रणपत्रिकेवर 'सेमी-कॅज्युअल' असा शब्द वाचून गोंधळलेल्या वाचकांसाठी इशिझुचे तीन प्रश्न आजही पुरेसे आहेत : वेळ कोणती, स्थळ कोणते, प्रसंग कोणता. स्वच्छ शर्ट, अंगाला नीट बसणारी विजार, पुसलेले बूट. एखादी गोष्ट थोडी सैल सोडली तरी बिघडत नाही. हार्वर्डच्या मुलांनी तेच केले होते.

(३५) १९ सप्टेंबर १९६४ ला पकडलेली मुले आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत आणि त्यांनी कोणतीही घोषणा दिली नव्हती. मात्र त्यांच्यानंतरच्या जपानी मुलाला शनिवारच्या संध्याकाळी काय घालायचे हे ठरवताना कपडे पिशवीत लपवावे लागले नाहीत. स्वातंत्र्याच्या इतिहासात या गोष्टीची नोंद एका ओळीपुरती तरी व्हायला हवी.

धागा समाप्त. शंका, पूरक माहिती आणि मतभेद यांचे स्वागत आहे.